‘हं’ म्हणजे होकार नव्हे

६ जानेवारी, सोमवार

घसा बसलाय. तरी क्लिनिकला गेले. आमचं कामच असं, बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त. घसा बसला म्हणून सुट्टी घ्यायचीही लाज वाटते. शेवटची बाई जाताना म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही किती छान ऐकलंत." अगं बाई, मला बोलताच येत नव्हतं!

घरी येऊन चहा टाकला तेवढ्यात मुलुंडहून मोहनचा फोन. मोहन आमच्या समुपदेशक संघटनेचा सेक्रेटरी. संघटना म्हणजे मूठभर माणसं, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि मोहनची बडबड.

"शुभा, एक केस आहे गं. मरोळची शाळा. तुलाच जावं लागेल."

म्हटलं, मोहन, दिवाळीत तुला काय सांगितलं होतं? आता ‘सोबत’ बंद. थकले मी.

"हो गं. पण पोरगी एकटी आहे."

ह्याला बरोबर माहितीये माझी दुखरी नस कुठली ती.

‘सोबत’ हे नावही मीच दिलेलं. शिकलेला, नोंदणी असलेला समुपदेशक, पण कामाच्या जागी त्याला खोली नाही, खोली असली तर दार नाही, आणि वर साहेब विचारणार की पेशंट आत काय बोलला ते सांगा. अशा वेळी आपण त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. कोर्ट नाही, युनियन नाही. शेजारी बसायचं आणि वेळ आली की तोंड उघडायचं. मागच्या वर्षी गोवंडीच्या एका दवाखान्यात समुपदेशक मुलीची खुर्ची एक्स-रेच्या रांगेत टाकली होती. भांड भांड भांडून खोली मिळवली. तोवर मुलगी नोकरी सोडून गेली. त्या खोलीत आता म्हणे रद्दी ठेवतात.

मोहनला हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आली ती. ग्लेंडा. तिशीतली, मरोळ गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरातली. मराठी माझ्यापेक्षा तिखट. शाळेचं आयकार्ड गळ्यातच राहिलं होतं, बसल्यावर काढून पर्समध्ये कोंबलं.

तिची गोष्ट. शाळेत तिला जिन्याखालची खोली दिली होती, आधी तिथे खेळाचं सामान असायचं. लहान, पण दार होतं. मुलं यायला लागली. दिवाळीनंतर शाळेने सगळीकडे कॅमेरे लावले. वर्गात, कॉरिडॉरमध्ये, ऑफिसात. आणि ह्या खोलीतही. माइकवाला. म्हणजे दिसतंही आणि ऐकूही येतं. वर ट्रस्टींच्या ऑफिसात स्क्रीन आहे.

"नववीतल्या एका मुलीने विचारलं, मॅडम, तो लाल दिवा आपलं ऐकतो का? मी काय सांगू ताई? हो म्हटलं. ती उठून गेली. मग मी मुलांना घेऊन ग्राउंडवर फेऱ्या मारायला लागले. चालता चालता बोलायचं."

त्यावर मेमो. खोली सोडून इतरत्र विद्यार्थ्यांशी बोलू नये. फेब्रुवारीअखेर प्रोबेशन संपतंय. कॅमेऱ्याखाली बसलीस तर कायम, नाहीतर घरी जा. सरळ हिशोब.

आणि एक गंमत सांगितली. गंमत कसली, डोंबल. त्या शाळेत ‘काउन्सेलिंग’ ही शिवी आहे. बाई वर्गात दम देतात, "गप्प बसतोस का पाठवू काउन्सेलिंगला?" म्हणजे काउन्सेलिंग म्हणजे झापणं. मुलं दारात यायची तीच रडवेली होऊन, मॅडम, मी काय केलं? तो शब्द धुऊन काढण्यातच ग्लें.चं पहिलं वर्ष गेलं. आणि आता मेमोच्या खाली सुपरवायझर बाईंनी लिहिलंय, ‘सदर कर्मचाऱ्याचे तोंडी काउन्सेलिंग करण्यात आले आहे.’

मी हसले. ती पण हसली. मग तिचे डोळे भरले.

जाईन म्हटलं. झालं. अडकले.

१२ जानेवारी, रविवार

ग्लें.शी फोनवर तयारी. मागणी एकच, साधी. खोलीच्या दाराला काच बसवा, बाहेरून दिसू दे. मुलांच्या सुरक्षेचा मुद्दा आम्हालाही पटतो, आम्ही काय वेड्या नाही. पण माइक काढा. दिसावं, पण ऐकू येऊ नये. बस.

विलासला सांगत होते हे सगळं. टीव्हीवर मॅच. "हं," म्हणाला. "मग मी गुरुवारी शाळेत जाते, गॅसवाला येईल, तू घरी थांब." "हं." "आणि मी तिकडूनच चंद्रावर जाते." "हं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाची ‘हं’ म्हणजे ऐकलं नाही. माझी ‘हं’ म्हणजे ऐकतेय, बोल. आणि सासूबाईंची असायची ती ‘हं’ म्हणजे बघून घेईन. एकाच घरात तीन.

१६ जानेवारी, गुरुवार

काय करून बसले मी!

नीट लिहिते. शाळेत पोचलो, मी आणि ग्लें. प्रिन्सिपॉल प्रधान मॅडम. माझ्याच वयाच्या, इस्त्रीची कॉटनची साडी, डोळ्यांखाली काळं. सुपरवायझर बाई कोपऱ्यात लिहायला बसलेल्या. केबिनमध्येही कॅमेरा, तोच लाल दिवा. आत जाताना पाहिला होता मी. नंतर विसरले.

मी सुरुवात करणार तोच प्र. मॅडम बोलायला लागल्या. पालक कसे अंगावर येतात. कुठल्यातरी शाळेत काहीतरी झालं की दुसऱ्या दिवशी आमच्या गेटवर गर्दी. ट्रस्टींना रोज वर जाऊन हजेरी द्यायची. घरी आई अंथरुणाला खिळलेली, रात्रीची बाई टिकत नाही. आणि शाळेत काही झालं तर नाव माझं, मॅडम, ट्रस्टींचं नाही.

आणि मी? मी पुढे झुकले. मान हलवली. "हं… हं…" आणि वर काय म्हणाले? "सगळं एकटीवरच आलंय तुमच्या."

बाई ढसाढसा रडल्या. खरंच. मी पर्समधले टिश्यू दिले. कारण ते माझ्याकडे कायम असतात ना!

मग चहा आला. मग घंटा झाली, त्यांना राउंडला जायचं होतं. त्यांनी माझा हात धरला, "बरं वाटलं हो तुमच्याशी बोलून," म्हणाल्या. आम्ही बाहेर.

रिक्षात साकीनाक्याच्या सिग्नलला ग्लें. म्हणाली, "ताई, आपण मागितलं काय?"

काहीच नाही. काच नाही, माइक नाही, प्रोबेशन नाही. आम्ही गेलो आणि फुकट एक सेशन घेऊन आलो.

विलासला सांगितलं तर ह्या वेळी नेमकं ऐकलंन. पोट धरून हसला. गॅसवाला आला तेव्हा हा खाली पानाच्या टपरीवर होता, ते वेगळंच.

२० जानेवारी, सोमवार

शाळेकडून मेल. मीटिंगचं इतिवृत्त. मोहनने फोनवर वाचून दाखवलं, मुद्दाम सावकाश. ‘मा. मुख्याध्यापिकांनी शाळेची भूमिका विशद केली. संघटनेच्या प्रतिनिधींनी वेळोवेळी मान हलवून व हुंकार देऊन त्यास संमती दर्शविली. कॅमेऱ्याबाबत कोणताही आक्षेप नोंदविण्यात आला नाही.’

"हुंकार म्हणजे?" मोहन विचारतोय.

"हं रे. माझी हं."

"अगं पण तू हं कशाला म्हणालीस?"

आता ह्याला काय सांगू? हा मुलुंडला बसून रोज तेच करतो. समोरचा बोलायला लागला की आपली मान आपोआप हलते. तसंच शिकवलंय आपल्याला. हं म्हणजे मी आहे इथे, बोला. हं म्हणजे तुमचं बरोबर आहे असं नाही. आपल्याला ते माहीत आहे. पेशंटला माहीत आहे. लिहून घेणाऱ्या सुपरवायझर बाईला कसं माहीत असणार? तिने दिसलं ते लिहिलं. तिचंही काय चुकलं!

ग्लें.ला फोन करायची हिंमत होत नव्हती. शेवटी तिचाच आला. मी म्हटलं, माझ्यामुळे वाट लागली तुझी.

"तुम्ही एकट्याच कुठे ताई? मी पण हलवत होते मान. तुमच्या शेजारी बसून. दोघी हलवत होतो."

दोन मोठ्या बायका, दोघींकडे डिग्र्या, दोघींची नोंदणी. आणि टेबलाशी बसून माना डोलावतायत.

हसू नाही आलं.

२२ जानेवारी, बुधवार

हरकतीचा मेल पाठवला. ‘ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. आमच्या व्यवसायात हुंकार ही संमती नसते.’ मोहन म्हणतो जरा जास्तच होतंय, कोणाला कळणार? म्हटलं, तू लिही मग.

उत्तर नाही.

क्लिनिकला आज एका आजोबांसमोर मान हलवताना मीच दचकले. मध्येच थांबले. त्यांना वाटलं मी रागावले. दोनदा विचारलं त्यांनी, "काय झालं बाई?" काही नाही, बोला.

२८ जानेवारी, मंगळवार

वाईट झालं.

ती नववीतली मुलगी. लाल दिव्याबद्दल विचारणारी. हल्ली ग्राउंडवर फेऱ्या मारताना ग्लें.शी हळूहळू बोलायला लागली होती. आज सुपरवायझर बाईंनी दोघींना खोलीत नेऊन बसवलं. "आता तुमच्या संघटनेनेच मान्य केलंय ना," म्हणाल्या, "मग बसा." बाई वाईट नाहीत, त्यांना खरंच वाटलं की प्रश्न मिटला.

मुलगी बसली. मांडीवर हात. वर बघितलं, लाल दिव्याकडे. ग्लें.ने विचारलं, कशी आहेस? तर म्हणाली, "मी ठीक आहे, मॅडम." स्पष्ट, मोठ्याने, दिव्याला ऐकू जाईल असं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग परवानगी मागून वर्गात गेली. मधल्या सुट्टीत ग्लें. दिसल्यावर दुसऱ्या जिन्याने खाली उतरली.

नाव ग्लें.ने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. काय झालंय त्या मुलीच्या घरी तेही माहीत नाही. पण ती ठीक नाही, एवढं दोघींनाही कळतंय.

आणि हे माझ्या एका ‘हं’मुळे. मोहन म्हणतो स्वतःला दोष देऊ नकोस. हेच वाक्य मी दिवसातून किती जणांना सांगते! काडीचा उपयोग नसतो त्याचा, आज कळलं.

जेवले नाही. विलासने खिचडी टाकली, करपली. ती पण खाल्ली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

मरोळला ग्लें.कडे. गावठाणातलं बैठं घर, पुढे ओटा, चारी बाजूंनी टॉवर उठलेत. आत शिरले की मसाल्याचा वास. तिच्या आईने मैद्याचे फुगे तळले होते, गोलमटोल, आणि चिकनचा रस्सा. "खा गो, लाजू नको," असं म्हणत माझ्या ताटात टाकतच राहिल्या. नको म्हणण्याची सोय नाही. मान हलवली की अजून एक पडतो.

मग रंगीत तालीम. आता मीटिंग ट्रस्टींसमोर आहे, मोहनने खटपट करून तारीख मिळवली. मी आणि ग्लें. समोरासमोर बसलो. तिने ट्रस्टी व्हायचं, रडगाणं लावायचं. मी मान हलवायची नाही. किती कठीण आहे देवा! तिने "मॅडम, माझा बीपी…" म्हटलं की माझी हनुवटी खाली. तिची आई हसून हसून बेजार. शेवटी मागून येऊन माझं डोकं दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. तसं जमलं. मीटिंगला त्यांना नेता येणार नाही एवढीच अडचण.

ओट्यावर बसल्यावर ग्लें. म्हणाली, "लहानपणी कबुलीला जायचो ना ताई, चर्चमध्ये, फादरला आपली पापं सांगायला. आख्खा गाव बघायचा कोण गुडघ्यावर बसलंय ते. माझी आत्या तर मोजायची कोण किती वेळ बसलं. पण ऐकायला कोणाला यायचं नाही. मी आईची चिंचेची गोळी चोरलेली, ते आजपर्यंत तिला माहीत नाय."

आतून आवाज आला, "माहीत हाय!"

पण मुद्दा बरोबर आहे. आम्ही तेच तर मागतोय. दिसावं, ऐकू येऊ नये. ह्यात नवीन काय आहे? म्हटलं, हे तूच बोल तिथे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मीटिंग. प्र. मॅडमचीच केबिन, पण त्यांच्या खुर्चीत ट्रस्टी. त्या स्वतः एका बाजूला, स्टुलासारख्या खुर्चीवर.

ट्रस्टी साहेब गप्पिष्ट, हसतमुख. आमच्या वेळी कुठलं काउन्सेलिंग, मास्तरच्या दोन खाल्ल्या की माणूस सरळ. पालकांना काय सांगू. कॅमेऱ्याला एवढा खर्च केलाय. मी पुतळा. हात मांडीखाली दाबून ठेवले. मान लाकडासारखी.

"मॅडम, रागावलात का? बोलत नाही काही."

"नाही साहेब. ऐकतेय. पण मान्य नाही."

ते पुढे बोलले. थांबले. माझ्याकडे बघितलं. "ऐकतेय, पण मान्य नाही." तिसऱ्या वेळेला ग्लें. खोकली. हसू दाबत होती की रडू, कळलं नाही.

मग ती बोलली. कबुलीचं सांगितलं, काचेचं सांगितलं. शेवटी म्हणाली, "सर, मुलं आता त्या खोलीत येऊन फक्त ‘ठीक आहे’ म्हणतात. तुमच्या स्क्रीनवर तेच ऐकू येणार. सगळं ठीक आहे. आणि एक दिवस काहीतरी होईल, तेव्हा तुम्ही मला विचाराल, तुम्हाला कसं कळलं नाही?" सगळं म्हणून टाकलंन. शाब्बास गं पोरी.

ट्रस्टी खुर्चीत मागे रेलले. आणि मग हसत हसत, अगदी सहज, म्हणाले, "भावनेच्या भरात सगळेच बोलतात हो. आता आमच्या प्रधान मॅडमनाच त्या दिवशी तुमच्यासमोर भरून आलं. आईचं वगैरे. मी म्हटलं, मॅडम, घरच्या गोष्टी शाळेत कशाला?"

प्र. मॅडमनी वर बघितलं, कोपऱ्यात, लाल दिव्याकडे. मग खाली. त्यांना त्या क्षणी समजलं, मलाही. सुपरवायझर बाईने चुगली केली नव्हती. ट्रस्टींनी स्वतः ऐकलं होतं. वर बसून.

बाईचं रडणं मीच तर बाहेर काढलं होतं. त्या दिव्याखाली.

उठताना मी म्हटलं, इतिवृत्त आत्ताच इथेच लिहू, सगळ्यांसमोर. ट्रस्टी म्हणाले, लिहा की. सुपरवायझर बाईंनी पेन काढलं, तोच प्र. मॅडमनी कागद स्वतःकडे ओढला. लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. ‘प्रतिनिधींनी शाळेचे म्हणणे ऐकून घेतले. मान्य केलेले नाही.’ ‘नाही’खाली रेघ मारली.

ट्रस्टी म्हणाले, "बघू. कळवतो."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मान आखडली. खरोखर. डावीकडे वळतच नाही. घाटकोपर स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, काय जड उचललंत? म्हटलं, एक मीटिंग.

विलास बाम चोळतोय आणि बातम्या बघतोय. मी म्हटलं, त्या प्रधान बाईंचा विचार डोक्यातून जात नाही रे. आपण दुसऱ्याला उघडं करतो आणि बघतसुद्धा नाही की खोलीत कोण आहे. माझंच काम हे, आणि मीच विसरले.

"हं," म्हणाला. पण चोळायचा थांबला. आवाज कमी केलान टीव्हीचा. म्हणजे ह्याच्याकडेही दुसरी एक ‘हं’ आहे तर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी एक फोन आला. नाव लिहीत नाही. इथेही नाही. टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा, एवढंच.

"तुमच्या क्लिनिकचं दार… नीट बंद होतं ना?"

मी म्हटलं, होतं.

"मला यायचंय. बोलायला. कुणाला कळता कामा नये. तिथे तर अजिबात नाही."

नाही घेऊ शकत मी तुम्हाला, असं सांगितलं. आपण एका प्रकरणात समोरासमोर आहोत, ते बरोबर होणार नाही, तुमच्यासाठीच. बोरिवलीच्या माझ्या एका मैत्रिणीचा नंबर दिला. चांगली आहे, शांत आहे, तिच्याकडे जा. त्यांनी नंबर लिहून घेतला. "तिथे कोणी ऐकणार नाही ना?"

जिभेच्या टोकावर आलं होतं. मुलंही हेच विचारतात, मॅडम. हेच, ह्याच शब्दांत. बोलले नाही. ती वेळ नव्हती. फक्त म्हटलं, कोणी नाही ऐकणार. त्यांना शब्द दिला.

फोन ठेवला आणि रागच आला. स्वतःचा, कामाचा, सगळ्याचा. ह्या एका फोनने ग्लें.ची केस जिंकता येईल. मोहनच्या कानावर घातलं की झालं, तो उद्या ट्रस्टींच्या दारात उभा राहील. तुमची स्वतःची माणसंच कॅमेऱ्याखाली बोलायला घाबरतात, म्हणेल. पोरीची नोकरी वाचेल. ती नववीतली परत येईल.

आणि सांगता येत नाही. ज्यासाठी भांडतोय तेच आडवं येतंय. विलासलाही नाही सांगितलं.

भांडी घासली सगळी. बाई येऊन गेली होती तरी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ट्रस्टकडून पत्र. प्रोबेशन तीन महिने वाढवलं. कॅमेरा ‘पुढील आदेशापर्यंत कायम’. मेमो मागे नाही. काचेचा उल्लेख नाही.

मोहन खूश. "काढलं नाही ना तिला? जिंकलो की!" ग्रुपवर हात जोडलेले, फुलं, टाळ्या. मी काही टाकलं नाही.

ग्लें.चा मेसेज, "ताई, पास झाले का नापास, कळत नाय." मलाही.

परीक्षा आल्या. आता तिला सुपरव्हिजनच्या ड्युट्या लावल्यात. मुलं ह्याच दिवसांत जास्त तुटतात आणि ती वर्गावर्गात पेपर वाटत फिरणार.

संघटनेची मीटिंग आहे रविवारी, बोरिवलीला. गोवंडीच्या दवाखान्याची नवी मुलगी येणार आहे म्हणे. त्याच रद्दीच्या खोलीची. मोहन म्हणतो, तुलाच जावं लागेल. मला नुसतं झोपायचंय.

७ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले म्हणून ग्लें.च्या आईने रस्सा नाही, नुसते फुगे पाठवले, क्लिनिकच्या पत्त्यावर. वर चिठ्ठी नाही, पण डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी अशी लावलेली की उघडता उघडता नख तुटलं.

संध्याकाळी ग्लें.चा फोन. आवाज दबका.

"ताई, खोलीतला लाल दिवा बंद आहे. सकाळपासून. कॅमेरा आहे तिथेच, पण दिवा बंद. शिपायाला विचारलं, त्याला माहीत नाही. सुपरवायझर बाईंनाही नाही. वायर गेली असेल कदाचित."

असेल, म्हटलं.

"वर ट्रस्टींच्या स्क्रीनवर अजून कोणाच्या लक्षात आलं नसेल. आलं तर माझ्यावरच येईल ना? मी सांगू का ऑफिसात? की गप्प राहू?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"ती आली होती आज, नववीतली. पेपर झाल्यावर. दारात उभी राहिली. दिव्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. सोमवारी येऊ का, म्हणाली. आत आली नाही पण."

येईल, म्हटलं. नाही आली तरी तू बस तिथे.

मग ग्लें. म्हणाली, "आणि एक. काल शाळा सुटल्यावर प्रधान मॅडम माझ्या खोलीत बसल्या होत्या. एकट्या. मला बघून उठल्या आणि गेल्या. हल्ली वेगळ्याच वाटतात. ताई, तुमच्याशी काही बोलल्या का त्या?"

फुग्याचा डबा मांडीवर. खाली रस्त्यावर कोणीतरी रिव्हर्स घेत होतं, तो टुंइ टुंइ आवाज.

"हं," म्हटलं.

"ही कुठली हं, ताई?"

मी म्हटलं, जेवलीस का?

मग पलीकडून तीच म्हणाली, "हं."